गाईची लाळ गळायलीय, आवाज फाटलाय, बापूनं घशात हात घातलाय – काय करावं?

देवणीवाला_पोरगा (रात्री ९.१०)

राम राम मंडळी. अर्जंट आहे म्हणून एवढ्या रात्री लिहायलोय, चूकभूल समजून घ्या. गाव उदगीर तालुक्यात. घरी दोन देवणी गाई, एक म्हैस आन चार शेरडं. त्यातली मोठी गाय तिसऱ्या वेताची, दोन टाईमचं मिळून सहा लिटर दूध द्यायची, खाली तीन महिन्याची कालवड आहे. परवा सकाळी तिनं पेंड हुंगून सोडून दिली. वाटलं सोयाबीनचं भुसकट जास्त खाल्लं असंल, पोट जड झालं असंल. काल सकाळपासून मात्र तोंडातून लाळेच्या तारा लागल्यात, पार जमिनीपर्यंत. बादली पुढं ठेवली की तोंड घालती, प्यायचा प्रयत्न करती, पण घोट खाली उतरत नाही, पाणी नाकातून माघारी येतं. आन सारखी हंबरायलीय. तो तिचा आवाजच नाही हो. घोगरा, फाटका, शेवटाला नुसतं वारं निघतं. आई म्हणली की पन्नास वर्षं गुरं सांभाळली पण असला आवाज ऐकला नाही. मागचे पाय चालताना लटपटायलेत, शेपटी ढिली पडलीय.

शेजारचे आण्णा म्हणले घशात मक्याचं कणीस अडकलंय. म्हणून बापूनं काल संध्याकाळी जीभ एका हातानं बाजूला धरून दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला, काहीच लागलं नाही. आज सकाळी परत घातला. सोयाबीनची काढणी चालू आहे तर बापूच्या सगळ्या बोटाला शेंगांचे टोचे आन भेगा आहेत, हे मला आत्ता लिहिताना सुचायलंय आन पोटात गोळा आलाय.

कारण दुसरी गोष्ट अशी, पोळ्याच्या आठ दिवस आधी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, रात्री एक मोकाट कुत्रं घुसलं होतं, त्यानं हिच्या मुस्काटाला चावा घेतला होता. थोडंसंच होतं, हळद भरली, आठ दिवसात खपली पडली, विसरून गेलो. माझा पुतण्या मोबाईलवर बघून म्हणायलाय की ही मॅड काऊ आहे. दूध आम्ही तापवूनच घेतो पण धाकटी भाची आलीय सुट्टीला, तिला आजोबा रोज धार काढताना पेल्यात तसंच धारोष्ण द्यायचे, परवापर्यंत दिलंय. गावातले डॉक्टर उद्या सकाळी येतो म्हणलेत. तवर काय करू? गाय वाचंल का?

गुरांचा_डॉक्टर (रात्री ९.३२)

भाऊ, गाईचं नंतर बोलू. आधी बापूंना उठवा आन हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. नखाच्या आत, भेगांच्या आत फेस गेला पाहिजे. कपड्याचा साबण असला तरी चालतो. नंतर घरात बेटाडीन किंवा डेटॉल असंल तर लावा. हळद, चुना, तिखट काही भरू नका, वर पट्टी बांधू नका. काल घातलेल्या हाताचं आज धुवून काय होणार असं मनात आणू नका, सकाळीच परत घातलाय त्यांनी. आन जर आज रात्री सरकारी दवाखान्यापर्यंत जायची सोय असंल तर आज जा, नसंल तर उद्या उजाडायच्या आत निघा. मी वीस वर्षं मराठवाड्यात गुरांचीच डॉक्टरकी करायलोय, तुम्ही जे लिहिलंय ते रेबीजचं अगदी पुस्तकातलं चित्र आहे. मी समोर नाही म्हणून शंभर टक्के म्हणत नाही, पण वागायचं मात्र शंभर टक्के रेबीज धरूनच.

गाईत रेबीज म्हणलं की लोकांना वाटतं ती कुत्र्यासारखी अंगावर धावंल, चावंल. काही धावतात, खांबाला, गव्हाणीला डोकं मारून शिंगं मोडून घेतात. पण लै गाई अशाच असतात, गप उभ्या, लाळ गळती, पाणी उतरत नाही. का होतं ते सांगतो म्हणजे घशात काही अडकलेलं नाही हे पटंल. कुत्र्याच्या लाळेतला विषाणू चाव्याच्या जखमेतून नसात शिरतो आन नसानसातून हळूहळू मेंदूकडं चालत जातो. रक्तातून नाही जात, म्हणून तर इतके आठवडे काहीच दिसत नाही. मुस्काटाचा चावा म्हणजे मेंदूजवळचा, तिथून लवकर पोचतो. मेंदूत पोचला की तिथं वाढतो आन माघारी नसातूनच लाळेच्या गाठीत उतरतो. गिळायच्या नसा मेल्या की लाळ आत जात नाही म्हणून बाहेर गळती. आवाजाच्या पेटीच्या नसा मेल्या की हंबरडा फाटतो. लाळ काही जास्त तयार होत नाही, ती गिळता येत नाही एवढंच. आन तीच लाळ विषाणूनं भरलेली असती, त्यात बापूंचा फुटलेला हात कोपरापर्यंत गेलाय. हे गुराच्या चाव्याइतकंच गंभीर धरतात, तिसऱ्या श्रेणीचा संपर्क म्हणतात त्याला. लस तर लागतेच, त्याबरोबर जखमेच्या जागी अँटीबॉडीचं इंजेक्शन पण लागतं, इम्युनोग्लोब्युलिन. दवाखान्यात हा शब्द मुद्दाम उच्चारा.

गाय वाचणार नाही. हे लिहायला मलाच जड जातं, देवणी गाय काय असती ते मला माहितीय. लक्षणं सुरू झाल्यावर ह्याच्यावर औषध नाही, गुरात नाही आन माणसात पण नाहीच म्हणा. बहुतेक जनावरं आठ-दहा दिवसाच्या आत जातात, गाईत तर तीन-चार दिवसातच. आता तिला कोणी औषध पाजू नका, नाळीनं तर अजिबात नाही, ते थेट फुफ्फुसात जाईल. भरभक्कम खुंटीला बांधा, बाकीची गुरं लांब करा, लेकरं आखाड्यावर फिरकू देऊ नका. कालवड तोडून दुसरीकडं बांधा.

आन ही मॅड काऊ नाही. त्याच्यावर सविस्तर कोणीतरी लिहा, मला आत्ता एक फोन करायचाय.

गोदाकाठ (रात्री ९.५०)

भाऊ ह्या डॉक्टरसाहेबांचं ऐका, हात जोडते. आमच्या घरात हे झालंय. माझ्या चुलत दिराला शेतात कुत्रं चावलं, पोटरीला, दोन दात लागले होते फक्त. सगळ्यांनी सांगितलं की अमुक गावात एक जण झाडपाला देतो, तीन गुरुवार घ्यायचा, तेल-वांगं बंद. घेतला. जखम भरली म्हणून सगळे खूश. अडीच महिन्यानी एका सकाळी म्हणले चहा गिळवंना. दुपारी तांब्या समोर धरला तर गळ्यात असं कडं आवळल्यासारखं व्हायचं त्यांना. पाचव्या दिवशी गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते, दोन्ही लेकरांना ओळखत होते. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की चावल्या दिवशी आला असता तर घरी गेला असता. झाडपाल्यानं जखम भरली नव्हती, ती तशी पण भरलीच असती. जखम भरणं आन विषाणू मरणं ह्याचा काही संबंध नाही हे आम्हाला अडीच महिन्यानी कळलं. बापूंना आजच न्या.

देवणीवाला_पोरगा (रात्री १०.०५)

हात धुतले. बापू ऐकंनात, म्हणतेत पोटात चौदा सुया घ्यायच्या का ह्या वयात. भावाला गाडी काढायला लावलीय. भाचीचं काय करू?

गुरांचा_डॉक्टर (रात्री १०.१४)

बापूंना सांगा ती पोटातली इंजेक्शनं कधीच बंद झालीत. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे, डेव्हिड सेंपल नावाच्या इंग्रज डॉक्टरनी १९११ साली कसौलीला काढलेली, जवळजवळ शंभर वर्षं आपल्याकडं तीच चालली, त्रास पण लै व्हायचा तिचा. आताची लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी कातडीत थोडी थोडी दोन्ही दंडाला, पहिला दिवस, तिसरा, सातवा आन अठ्ठाविसावा. मोजताना पहिला दिवस शून्य धरतात, त्यामुळं तारखा कार्डावर लिहूनच घ्या. पथ्य काही नाही, भाकरी, वांगं, दही सगळं चालतं.

भाचीला सोबतच न्या. तापवलेल्या दुधात विषाणू टिकत नाही, ज्यांनी तापवलेलं घेतलं त्यांनी घाबरायचं कारण नाही. कच्च्या दुधातून माणसाला झाल्याचा पक्का पुरावा नाही, पण आजारी जनावराचं कच्चं दूध पोटात गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, पोरीच्या तोंडात फोड, पडलेला दात, हिरडीला जखम आहे का ते तो बघंल आन लसीचं ठरवंल. लहान लेकराच्या बाबतीत बहुतेक डॉक्टर देऊनच टाकतात आन मी त्यांना चूक म्हणणार नाही. ज्या कोणी ह्या तीन-चार दिवसात धार काढली, लाळ पुसली, दावं सोडलं त्या सगळ्यांची हातं तपासा. धड कातडीवर लाळ लागली तर धुणं पुरतं, फुटलेल्या कातडीवर लागली तर लस.

एक अडचण येणार ती आत्ताच सांगतो. खिडकीवरचा माणूस विचारंल कुत्रं कुठं चावलं, तुम्ही म्हणाल चावलं नाही, मग तो म्हणंल लस कशाला. वाद घालू नका, सरळ ड्युटीवरच्या डॉक्टरपुढं उभं राहा आन एवढंच म्हणा की रेबीजचा संशय असलेल्या गाईच्या तोंडात फुटलेला हात घातलाय.

उदगीरची_व्हेट (रात्री १०.४०)

मॅड काऊचं मी लिहिते, पशुवैद्यकच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुतण्याला रागवू नका, गाय पिसाळली असं मराठीत म्हणलं आन मोबाईलवर इंग्रजीत शोधलं की तेच पुढं येतं.

मॅड काऊ म्हणजे बीएसई, बोव्हाइन स्पॉन्जिफॉर्म एन्सेफॅलोपॅथी, गाईच्या मेंदूचा एक आजार. तो १९८६ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. तिकडं दुभत्या गाईंना प्रोटीन वाढावं म्हणून मेलेल्या गुरामेंढरांचं मांस-हाडं शिजवून वाळवून केलेली भुकटी खुराकात घालायचे. म्हणजे गवत खाणाऱ्या गाईला गाईच खाऊ घातल्या, असंच म्हणावं लागंल. त्यातून आजार पसरत गेला, १९८८ ला त्यांनी असल्या खुराकावर बंदी घातली तरी १९९२ ला एका वर्षात ३६ हजाराच्या वर गाई सापडल्या, कारण हा आजार अंगात चार-पाच वर्षं दबा धरून बसतो. एकूण एक लाख ऐंशी हजाराच्या पुढं गेला आकडा. आन मार्च १९९६ मध्ये तिथल्या सरकारनी कबूल केलं की माणसात जो नवीन मेंदूचा आजार दिसायलाय तो ह्या गाईंच्या मांसातूनच आला असावा.

ह्याचं कारण विषाणू नाही, जंतू नाही. प्रिऑन म्हणतात त्याला. आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत एक प्रोटीन असतं, गाईत पण, मेंढीत पण. ते घडी घातल्यासारखं विशिष्ट आकारात असतं. त्याची घडी एकदा चुकली की ते चुकलेलं प्रोटीन शेजारच्या चांगल्या प्रोटीनची पण घडी बिघडवतं, ते पुढच्याची. मेंदूला स्पंजसारखी बारीक भोकं पडतात. त्यात जनुक वगैरे काहीच नसतं, त्यामुळं मारायचं काय हाच प्रश्न. शिजवून जात नाही, साध्या निर्जंतुकीकरणानं जात नाही, फॉर्मॅलिननं तर उलट टिकतं. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ ला हे नाव दिलं तेव्हा लै जणांनी मानलं नव्हतं, १९९७ ला त्यांना नोबेल मिळालं.

आता तुमच्या गाईचं बघा. बीएसईची गाय महिना महिना हळूहळू बिघडते, दचकते, धार काढायला गेलं की लाथा मारते, चालताना पडते, वाळत जाते. परवा पेंड सोडली आन आज पाणी उतरंना, असा वेग त्याचा नसतो. भारतात एकाही गाईत बीएसई सापडलेला नाही आन जागतिक पशुआरोग्य संघटनेनं आपल्याला नगण्य जोखमीच्या देशांत धरलंय. आपली गाय कडबा, भुसकट आन सरकी पेंड खाते. मेंढ्यांतला असाच एक प्रिऑन आजार मात्र, स्क्रॅपी, हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत १९६१ साली नोंदवला गेला होता, युरोपात तो अडीचशे वर्षांहून जास्त माहिती आहे. ती मेंढी खाजवून खाजवून अंगाची लोकर काढते. म्हणून खुराकात मांस-हाडाची भुकटी नको हा नियम आपण पण पाळायचा, कोणी स्वस्तात विना-लेबलचं पशुखाद्य विकायला आलं तर घेऊ नका.

पण भाऊ, घाबरायचंच असंल तर मॅड काऊला नाही, रेबीजला घाबरा. तो आपल्या गल्लीत आहे.

भूमचा_शेळीवाला (दुसऱ्या दिवशी सकाळी ६.५५)

रात्री वाचलं आन झोप लागली नाही. मी पण मागच्या पावसाळ्यात असंच हात घालणार होतो. माझ्याकडं साठ उस्मानाबादी शेळ्या आहेत. दोन शेळ्या एकाएकी गोल फिरायल्या, एक कायम डावीकडंच, गोठ्याच्या कुडाला डोकं लागलं की तिथंच टेकवून उभी राहायची. एका बाजूचा कान पडलेला, त्याच बाजूची पापणी मिटत नव्हती, ओठ लोंबायचा आन त्यातून लाळ, चघळलेला पाला गालातच साठून राहिलेला. सगळ्यांनी सांगितलं पिसाळल्या, गोळी घाला. डॉक्टर आले, हातमोजे घालून बघितलं, आन पहिला प्रश्न विचारला की मुरघास, म्हणजे पिशवीत दाबून आंबवलेला हिरवा चारा, खाऊ घालता का. होय म्हणलं. पिशवी दाखवा म्हणले. उंदरानं कुरतडलेली पिशवी होती, वरचा वीतभर थर काळा-पांढरा बुरशीचा, आंबूस नाही तर कुजका वास. त्यातून लिस्टेरिया नावाच्या जंतूचा आजार झालाय म्हणले. पेनिसिलीनचे मोठे डोस आठ-दहा दिवस चालले, एक शेळी वाचली, कान अजून थोडा पडका आहे. दुसरी आडवी पडलेली होती ती गेली. त्याच आठवड्यात तिसरीनं गाभ टाकला. मुरघास सगळा उकिरड्यात नेऊन पुरला.

म्हणजे लाळ, गोल फिरणं, सगळ्याला रेबीज म्हणायचं का नाही हा माझा डॉक्टरसाहेबांना प्रश्न आहे.

मेंढरामागचा (सकाळी ८.२०)

गोल फिरणाऱ्याचं आमच्यात लई जुनं आहे. कंधारकडं फिरतो आम्ही. वर्षाच्या आतली कोकरं कळपातून एकटी पडत्यात, एका अंगाला मान वाकडी करून फिरत राहत्यात, दिसत नाही त्यांना एका डोळ्यानं. शिंगाच्या मागं अंगठ्यानं दाबलं तर हाड मऊ लागतं, खोबऱ्याच्या वाटीसारखं पातळ. त्याला लाळ नसती, ताप नसतो, आवाज नीट असतो, महिनाभर तसंच चरत राहतं. एकदा मेलेल्याचं डोकं फोडून बघितलं होतं, आत लिंबाएवढा पाण्याचा फुगा, पातळ पडदा, आन त्या पडद्याला आतून तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके झुपक्यानं चिकटलेले. ते डोकं मग कुत्र्यापुढंच टाकलं होतं आम्ही. डॉक्टर म्हणला तिथंच चुकलं.

गुरांचा_डॉक्टर (सकाळी ९.०५)

मेंढरामागचे दादा, तुमच्या डॉक्टरनं बरोबर सांगितलं. ते पांढरे ठिपके म्हणजे पट्टकृमीची डोकी, प्रत्येक ठिपक्यापासून कुत्र्याच्या आतड्यात एक जंत होतो. कुत्र्यानं मेंदू खाल्ला की जंत, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, गवतातून परत कोकराच्या मेंदूत. हे चक्र तुमच्याच तांड्यात फिरतं. डोकं कुत्र्याला टाकायचं नाही, जाळायचं नाहीतर खोल पुरायचं, आन राखणीच्या कुत्र्यांना दर तीन महिन्याला प्रॅझिक्वांटेलची जंताची गोळी. एवढं पाळलं तर हा आजार कळपातून खरंच जातो, मी जाताना बघितलाय.

भूमच्या भाऊंचा प्रश्न लै मोलाचा आहे. नाही, सगळं रेबीज नसतं. लिस्टेरियात एका बाजूचं तोंड पडतं, गोल फिरणं एकाच दिशेला असतं, आन तो जंतू तोंडातल्या बारीक जखमेतून चेहऱ्याच्या नसेनं मेंदूच्या बुडात जातो. वेळेत औषध झालं तर जनावर वाचतं. धनुर्वातात शेळी लाकडी घोड्यासारखी ताठ उभी राहते, दातखीळ बसते, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा पुढं येतो, खच्ची केल्यावर किंवा कानात बिल्ला टोचल्यावर पंधरा दिवसात बघा. दुष्काळात आपली गुरं हाडं, चामडं, चपला चघळतात ना, अंगात फॉस्फरस कमी पडला की त्यांना ती चटक लागते, मग सडलेल्या हाडातलं बोटुलिझमचं विष पोटात गेलं की आधी पाय, मग जीभ, सगळं लुळं पडतं, जीभ ओढली तर बाहेरच राहते. हाडं गोळा करून पुरणं आन मोठ्या जनावराला रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, एवढंच त्याच्यावर. गोमाशीच्या चाव्यातून होणारा सर्रा आहे, त्यात गाय एकदम गरगर फिरती, भिंतीला डोकं लावती, रक्त तपासून औषध दिलं तर दुसऱ्या दिवशी चरायला लागती. गोचीड तापाचा जंतू मेंदूत गेला तरी असंच दिसतं. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे त्या पानातलं विष, लागली तर तासाभरातच तडफड, त्याचा संसर्गाशी काही संबंध नाही पण लोक घोळ घालतात म्हणून लिहिलं.

पण हा फरक मी करायचा, तुम्ही नाही. तुमच्यासाठी एकच धरून चला, लाळ गळायलीय, गिळता येईना, वागणं बदललंय, तर पशुवैद्यक येईपर्यंत ते रेबीज. तोंडात हात नाही. अगदी घालायचाच असंल तर खांद्यापर्यंतचे मोजे असलेल्या माणसानं घालायचा आन तो मी. लिस्टेरिया निघाला तर मोजे वाया गेले, काय बिघडलं? उलटं झालं तर माणूस जातो. आन भूमचे भाऊ, त्या गाभ टाकलेल्या शेळीचं जार-वार कोणी उचललं होतं? लिस्टेरिया माणसाला पण होतो, घरातल्या गरोदर बाईनं तिकडं अजिबात जायचं नाही.

देवणीवाला_पोरगा (चौथ्या दिवशी, रात्री ८.३०)

सगळ्यांना नमस्कार. तवा लिहायला सवड मिळाली नाही. गाय तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. शेवटी आवाज बंदच झाला होता, नुसतं तोंड उघडायची. आई दाराशी बसून होती लांबून.

बापूचं सांगतो. रात्री साडेअकराला गेलो. डॉक्टरसाहेब म्हणले होते तसंच झालं, खिडकीवर म्हणले चावलं नाही तर सकाळी ओपीडीला या. मी तुमचं वाक्य जशाला तसं ड्युटीवरच्या मॅडमला म्हणलं. त्या उठूनच उभ्या राहिल्या, बापूचे हात बॅटरी लावून बघितले, एकेक भेग मोजली, लस तिथंच दिली आन ते दुसरं इंजेक्शन मोठ्या दवाखान्यात मिळंल म्हणून चिठ्ठी दिली, सकाळी सात वाजता तिथं हजर झालो. बोटांच्या भेगात सुया घेताना बापू, जो माणूस विंचू चावला तरी हूं करत नाही, डोळे मिटून बसले होते. भाचीला पण लस सुरू केली, तिचा दुधाचा दात परवाच पडलेला होता. आईनं आन मी धार काढलेली, आईच्या हाताला भेगा म्हणून तिला पण. तिसऱ्या दिवसाचा डोस झाला सगळ्यांचा.

गाय गेल्यावर १९६२ ह्या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइन नंबरला फोन लावला, डॉक्टर गाडी घेऊन आले. त्यांनी सगळा पेहराव घालून डोकं काढलं, मेंदूचा तुकडा बर्फात घालून तपासायला पाठवला. आज फोन आला, रेबीजच होतं. कातडं न्यायला माणूस आला होता त्याला सांगून माघारी पाठवलं. जेसीबीनं सात फूट खड्डा घेतला, चुना टाकला, वर बाभळीच्या काट्या टाकल्या म्हणजे कुत्रं उकरणार नाही.

एक सांगायचं राहिलं. आम्ही गल्लीत तीन घरी दूध घालायचो. बापू म्हणले सांगू नको, बोभाटा होईल, उद्या म्हशीचं पण कोणी घेणार नाही. मी रात्रभर विचार केला आन सकाळी तिन्ही घरी जाऊन सांगितलं. दोन घरी तापवूनच घेतात. तिसऱ्या घरी नातवाला वरचं दूध कच्चंच पाजायचे. त्यांनी आज नेलं त्याला दवाखान्यात. शिव्या दिल्या थोड्या, पण जाताना आजी म्हणली बरं झालं सांगितलंस लेकरा.

आता दुसऱ्या गाईला, म्हशीला, कालवडीला काय करू? कालवड आईचंच पीत होती परवापर्यंत, आन तिच्या तोंडाला लाळ लागलेली मी बघितलीय.

गोदाकाठ (रात्री ८.४१)

सांगितलंत ते लै चांगलं केलंत भाऊ. आमच्या वेळी आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं त्या कुत्र्याचं. तेच कुत्रं अजून दोघांना चावलं होतं.

गुरांचा_डॉक्टर (रात्री ९.१५)

गाईचं वाईट वाटलं. बापूंना माझा नमस्कार सांगा.

कालवडीला उद्यापासून चावल्यानंतरचा लसीचा कोर्स सुरू करा, दिवस शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. तिला वेगळं बांधा आन दोन-तीन महिने तरी लक्ष ठेवा, खाणं-पिणं बदललं की लगेच फोन. त्या गाईच्या शेजारी दावणीला होती त्या गाईला पण तेच, एकाच गव्हाणीत तोंड घालत असतील तर. म्हैस लांब असंल तर साधी लस एकदा देऊन ठेवा, पुढं दरवर्षी. शेरडांना पण. गव्हाण, बादली, दावं, वेसण, गाईच्या लाळेचं जे काही असंल, दावं-वेसण जाळून टाका, गव्हाण आन बादली साबणाच्या कडक पाण्यानं घासून, वर ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकून उन्हात वाळू द्या. हा विषाणू बाहेर फार टिकत नाही, ऊन, साबण, ब्लिचिंग कशानंही मरतो. चिवट आहे तो फक्त अंगात शिरल्यावर.

आन पोळ्याच्या वेळचं ते कुत्रं आणखी कोणाच्या आखाड्यावर शिरलं होतं का, हे ग्रामपंचायतीत विचारा. उदगीरच्या बाई, तुमच्या कॉलेजकडनं गावात कुत्र्यांच्या लसीकरणाचा एखादा दिवस लावता आला तर बघा ना, २८ सप्टेंबरच्या रेबीज दिवसाला आपण सगळे फोटो काढतो, ह्या गावाला आत्ता गरज आहे.

उदगीरची_व्हेट (रात्री ९.२८)

सरांशी उद्याच बोलते. गावात अंदाजे किती कुत्री आहेत, मोकाट आन पाळीव दोन्ही, एवढं कोणीतरी मोजून ठेवा. शंभरातली सत्तर टोचली गेली तर गावात साखळी तुटते, त्यामुळं लसीच्या बाटल्या किती आणायच्या ते आकड्यावर ठरंल.

देवणीवाला_पोरगा (रात्री ९.४०)

मोजतो. आण्णांनी, तेच कणीसवाल्या, पोरं गोळा केलीत, उद्या शाळा सुटल्यावर वस्तीनुसार मोजणार आहेत. त्यांच्या पण हाताला लाळ लागली होती, लस घेऊन आले ते आज.

कालवडीला म्हशीचं दूध बाटलीनं पाजायलोय, पहिले दोन दिवस तोंड फिरवलं, आज ओढायली. डॉक्टरसाहेब, बापूचा अठ्ठाविसावा दिवस बरोबर दिवाळीच्या पाडव्याला येतोय, त्या दिवशी ओपीडी बंद असंल ना?

गुरांचा_डॉक्टर (रात्री ९.४६)

ओपीडी बंद असली तरी तातडीच्या विभागात लस मिळते. कार्ड घेऊन जा, आन आठ दिवस आधी एकदा जाऊन त्या मॅडमना तारीख सांगून ठेवा.